मागाहून भरलेला आलेख

सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. सोलापुरातल्या प्रशिक्षण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पडद्यावर एक कागद आला आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या राजेश्वरी हिरेमठने तो ओळखला. तो तिच्याच हातचा होता.

नाव, गाव आणि दाखल क्रमांकावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. तळाशी तीन इंग्रजी शब्द मात्र उघडे राहिले होते: ‘पुअर मॅटर्नल एफर्ट’. म्हणजे आईचा जोर कमी पडला. मधल्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये टी दोनदा आला होता. सोळा वर्षांच्या नोकरीत राजेश्वरी ही चूक करत आली होती आणि ती कुणी सुधारली नव्हती.

वर्गात तीस नर्स होत्या, जिल्ह्याच्या वेगवेगळ्या आरोग्य केंद्रांतून आलेल्या. दीड वर्षाचं प्रशिक्षण संपलं की त्या मिडवाइफ होणार होत्या. सरळ प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करायची आणि अडलेली वेळेत ओळखून पुढे पाठवायची, हे त्यांचं काम असणार होतं. चार महिने झाले होते. शिकवायला भाग्यलक्ष्मी येमूल होत्या, वय एकतीस. राजेश्वरी चाळिशीची.

“जिल्ह्यातनं दीडशे जुने पार्टोग्राफ मागवले,” भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. “वाचता येतील असे अकरा निघाले. त्यातला हा सगळ्यात नीटस.”

पार्टोग्राफ म्हणजे एका पानाचा आलेख. बाई कळा देत असताना दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकून त्यावर ठिपका द्यायचा आणि दर चार तासांनी तपासून गर्भाशयाचं तोंड किती उघडलं त्याची फुली मारायची. पानावर दोन तिरप्या रेघा छापलेल्या असतात. फुली पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली की सावध व्हायचं, हलवायची तयारी करायची. दुसरी रेघ गाठली की वाट बघत बसायचं नाही, बाईला ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं. पडद्यावरच्या कागदावर सगळ्या फुल्या पहिल्या रेघेच्या डावीकडे होत्या.

“मॅडम, हा लेबर रूममधला कागद म्हणायचा?” मंगळवेढ्याकडची महानंदा शेजारून म्हणाली. “चहाचा डाग न्हाय, रक्ताचा ठिपका न्हाय. हा गृहपाठ हाय.”

सगळ्या हसल्या. ‘गृहपाठ’ हा शब्द तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. बाळ झाल्यावर, हात धुऊन, टेबलाशी बसून आलेख भरायचा, त्याला त्या गृहपाठ म्हणत. तीन बायका एकदम कळा देत असताना पेन धरायला हात कुणाला मोकळा असतो?

भाग्यलक्ष्मीही हसल्या. “असेल. मांडणी बघा तुम्ही. राजेश्वरीताई, सांगा, ह्या बाईचं काय काय झालं?”

राजेश्वरी उभी राहिली. “दुपारी एकला दाखल. तोंड चार सेंटिमीटर. ठोके एकशे अडतीस ते एकशे चव्वेचाळीसच्या मध्ये. पाच वाजता तोंड पूर्ण उघडलं. पाच वीसला प्रसूती. बाळ रडलं नाही.”

“शेवटचं कुठं लिहिलंय?”

राजेश्वरीची नजर पडद्यावरच्या तळाच्या ओळीकडे गेली.

“ते मागच्या पानावर आहे. मी दाखवलेलं नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“तळाला आईचा जोर कमी म्हणून लिहिलंय,” राजेश्वरी म्हणाली. “बाळ चांगलं रडलं असतं तर आईच्या जोराबद्दल कोण कशाला लिहील?”

भाग्यलक्ष्मींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा कागद लावला.

*

त्या कागदाचा दिवस तीन वर्षांपूर्वीचा, ऑगस्टमधला एक बुधवार. लोणदरीच्या आरोग्य केंद्रात बुधवार लसीकरणाचा. डॉक्टर तालुक्याला बैठकीला गेले होते, दुसरी नर्स रजेवर होती. केंद्रात राजेश्वरी आणि एक मदतनीस बाई, एवढंच मनुष्यबळ.

सोनाली दाखल झाली सकाळी दहाला. वय वीस, पहिली खेप. घरची माणसं मेंढरं राखणारी, वस्ती गावापासून चार किलोमीटरवर. नवरा बिरुदेव तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला होता, मागे सासू अंबुबाई. राजेश्वरीने तपासलं तेव्हा तोंड चार सेंटिमीटर उघडलेलं होतं. दाखल नोंदवहीत नाव लिहिलं, वेळ लिहायची राहिली. बाहेर लसीसाठी चाळीस पोरं रडत होती.

दोनला पुन्हा तपासलं. तोंड पाच. चार तासांत एक सेंटिमीटर. आलेख समोर असता तर फुली थेट दुसऱ्या रेघेजवळ पडली असती. पण आलेख कोरा होता, घडी घालून केसपेपरात ठेवलेला. राजेश्वरीला आकडे कळत नव्हते असं नाही. रुग्णवाहिका बोलवायची तर बाईसोबत नर्सला जावं लागतं. ती गेली असती तर केंद्राला कुलूप लागलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जाब तिलाच द्यावा लागला असता. तिने सव्वादोनला सलाइनमध्ये कळा वाढवायचं इंजेक्शन सोडलं आणि लसीच्या टेबलावर गेली. ती परत आली पावणेपाचला. मधल्या अडीच तासांत बाळाचे ठोके कुणी ऐकले नाहीत.

परत आल्यावर ती ओरडायला लागली, “जोर लाव, लाव जोर.” तोंड अजून पुरतं उघडलेलं नव्हतं. मदतनीस बाईने वरून पोट दाबलं. पाच वीसला मुलगी झाली, निळसर, सैल. मास्कची पिशवी दाबून दाबून सातव्या मिनिटाला तिने पहिला श्वास घेतला.

सहा वाजता रुग्णवाहिका बाळ-बाळंतिणीला घेऊन सोलापूरकडे निघाली. सोबत गेली मदतनीस बाई. निघायच्या आधी व्हरांड्यात अंबुबाईने विचारलं, “शिस्टर, असं कसं झालं ओ?” राजेश्वरी म्हणाली, “हिनं जोरच लावला नाही.” मग ती टेबलाशी बसली. दाखल वेळेच्या कोऱ्या रकान्यात दुपारी एक लिहिलं. आलेखावर ठोक्यांचे नऊ ठिपके दिले, सरळ रेघ दिसू नये म्हणून थोडे वरखाली. इंजेक्शन लिहिलं नाही. शेवटी ते तीन शब्द लिहिले. वीस मिनिटं लागली.

पुढे बाळाच्या प्रकृतीबद्दल तालुक्याला आढावा झाला. कागद नीट होता. ठपका कुणावर आला नाही.

*

सोमवारी संध्याकाळी राजेश्वरीने लोणदरीच्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, फोन लावला. आशाताईंनी आपणहून सगळं सांगितलं. मेंढरं विकून सोनालीच्या घरची माणसं कुंभारीला राहायला गेलीत. पोरीला मंगळवार-शुक्रवार सोलापुरात व्यायामाला न्यावं लागतं म्हणून. पोरगी तीन वर्षांची झाली, मान धरत नाही. “आणि सोनालीला परत दिवस गेलेत. आठवा सरला, नववा लागला.”

राजेश्वरी गेली ती रविवारी. मधले पाच दिवस वर्ग होते, हे खरं. वर्ग रोज साडेचारला सुटत, आणि कुंभारीला जायला अर्धा तास लागतो, हेही खरं.

रविवारी साडेतीनला ती कामगारांच्या घरांच्या ओळीत पोचली. समोरून सोनाली येत होती. डोक्यावर भरलेला हंडा, कमरेवर कळशी, पोट पुढे आलेलं. तिने राजेश्वरीला लगेच ओळखलं.

“अगं बया! आत्या, बगा की कोन आलंय. लोणदरीच्या शिस्टर!”

अंबुबाई दारात आली. “या, या. बिरुदेवा, सतरंजी टाक. शिस्टर, लई दिसांनी. कुटं असता आता?”

“सोलापूरला. प्रशिक्षणाला आलेय.”

“ह्या वयात शाळा?” अंबुबाई हसली. “आमच्या बिरुदेवानं चौथीत सोडली, तुमी चाळिशीत धरली.”

खोलीत भिंतीला लावलेल्या दोन उशांच्या मध्ये तीन वर्षांची सृष्टी होती. मान डाव्या खांद्यावर कललेली, डोळे दाराकडे. राजेश्वरीने तिच्या तळव्याला बोट लावलं. मुलीने ते धरलं आणि सोडलं नाही.

“ह्याच बाईनं तुला माघारी आणली बरं का,” अंबुबाई नातीला म्हणाली. “पिशवी दाबून दाबून. न्हायतर तुझी आई! जोरच लावंना. नुसती रडत बसली.”

“म्हनून तर आता हंडे उचलायलीय,” सोनाली म्हणाली. तिला ह्या बोलण्याची सवय झालेली दिसत होती. “सातवा लागल्यापास्नं रोज चार खेपा जास्तीच्या. आत्यांनी मला पैलवान करायचा इडा उचललाय. शिस्टर, तुमी आलाय तर येवढं शिकवून जावा. जोर नेमका कुटं लावायचा आसतो? मागल्या बारीला मला कळलंच न्हाय.”

राजेश्वरी म्हणाली, “कागद दाखव.”

पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकची पिशवी निघाली. तपासणीची नवी फाइल, आणि तिच्यात घडी घातलेला तो जुना आलेख, शिक्क्याची प्रत.

“सोलापूरच्या डागदरीणबाईंनी ह्योच बघितला,” सोनाली म्हणाली. “म्हनाल्या, पहिली खेप चार तासांत मोकळी झालीस, दुसरी त्याच्या आदी व्हती. कळा वाडल्या की मग निघ, आदीच येऊन बसू नकोस. आनि हितंच जवळच्या दवाखान्यात झाली तरी चालंल.”

चहा आला. राजेश्वरीने कप खाली ठेवला.

“सोनाली, हा कागद खोटा आहे.”

“खोटा कसा? शिक्का हाय की.”

“शिक्का खरा आहे. वेळ खोटी आहे. तू एकला आली नव्हतीस, दहाला आली होतीस.”

“दहालाच!” बिरुदेव दारातून म्हणाला. “मीच आणलं. मोडनिंबच्या बाजारला जायाचं सोडून आणलं. मी तवाबी म्हनत व्हतो दहा. डागदर म्हनाले, कागदावर एक हाय, तुजं ध्यान न्हाय.”

राजेश्वरीने सगळं सांगितलं. दोनला तोंड किती होतं. तेव्हाच सोलापूरला पाठवायला हवं होतं. इंजेक्शन. लसीचं टेबल. अडीच तास. तिने एकही आकडा गाळला नाही. अंबुबाईला आकडे कळत नव्हते. ती राजेश्वरीच्या तोंडाकडे बघत होती.

“हे ठिपकं मग?” सोनालीने कागदावर बोट ठेवलं.

“ते मी संध्याकाळी बसून काढले. तुम्ही गेल्यावर.”

सोनालीने नवव्या ठिपक्यापर्यंत बोट नेलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

“म्हंजे मी जोर लावला व्हता?” सोनालीने विचारलं.

“लावला होतास. लावायचा होता त्याच्या कितीतरी जास्त. मीच वेळेआधी ओरडत होते. वाट उघडली नव्हती आणि मी जोर लाव म्हणत होते.”

सोनाली सासूकडे वळली. “आत्या, ऐकलंसा का?”

अंबुबाईने नातीचा पाय धरला होता. “तीन वर्सं,” ती म्हणाली. “पोरगी रडली की मी हिला बोलायची. पोरीला घास गिळंना झाला की बोलायची. पाव्हण्यात बोलले, देवाच्या दारात बोलले. शिस्टर, तुमी सांगितलं म्हनून बोलले की ओ मी.” मग एकदम आवाज चढला. “आनि आता आलासा? शाळंत शिकवलं तवा कळलं व्हय चूक झाली म्हनून?”

राजेश्वरीला इथे ‘होय’ म्हणता आलं असतं. ते निम्मं खरंही झालं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “तेव्हाही कळत होतं.”

अंबुबाईने तिच्यापुढचा चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला.

राजेश्वरी उठली. दारात उभी राहून तिने जे सांगायचं ते सांगितलं: पहिली प्रसूती अडली होती, म्हणून ह्या वेळी ऑपरेशनची सोय असेल तिथेच जा. कळांची वाट बघू नका. हंडे उचलणं आजपासून बंद. मी सोबत येते, मी तिथल्या डॉक्टरांना सांगते.

“तुमी सांगनार,” सोनाली म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “आनि त्या लिवनार. तितंबी तुमच्यासारख्याच आसतील की, शिस्टर. त्यांचं लिवलेलं खरं का खोटं, ते मला कसं कळायचं?”

*

सोमवारी सकाळी साडेआठला, वर्ग सुरू व्हायच्या आधी, राजेश्वरी भाग्यलक्ष्मींच्या टेबलासमोर उभी राहिली.

“तो आलेख माझा आहे.”

“मला वाटलंच होतं,” भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. “बसा.”

सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “लेखी दिलंत तर चौकशी लागेल. प्रशिक्षण थांबवतील कदाचित. नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

“माहीत आहे.”

“मीही भरलेत असे. पहिली दोन वर्षं. माझ्या नशिबानं बाळं रडली.”

त्यांनी कपाटातून कोरा पार्टोग्राफ काढून समोर ठेवला. राजेश्वरीने बुधवारचा तो दिवस पुन्हा मांडला. दहा वाजता फुली, चार सेंटिमीटर. दोन वाजता पाच. फुली पहिली रेघ ओलांडून थेट दुसऱ्या रेघेजवळ पडली. सव्वादोन, इंजेक्शन. मग ठोक्यांच्या रकान्यात अडीचच्या खाली पेन आपोआप एकशे चाळीसवर गेलं.

“ऐकले होते?” भाग्यलक्ष्मींनी विचारलं.

“नाही.”

“मग कोरं ठेवा.”

अडीच, तीन, साडेतीन, चार, साडेचार. पाच रकाने कोरे राहिले. तळाच्या ओळीत राजेश्वरीने मराठीत लिहिलं: दोन वाजता पुढे पाठवायला हवे होते, पाठवले नाही. खाली सही आणि त्या दिवसाची नव्हे, आजची तारीख. कागदाला दहा मिनिटं लागली. सोबतच्या अर्जाला दोन तास लागले. कारण पहिल्या दोन खर्ड्यांत ‘मनुष्यबळ अपुरे असल्याने’ हे शब्द पहिल्याच ओळीत येत होते. तिसऱ्यात ते चौथ्या ओळीत गेले. काढून टाकावेत का, हे तिने भाग्यलक्ष्मींना विचारलं. त्या म्हणाल्या, “ते खोटं नाही. राहू द्या. पण पहिलं नको.”

मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता अर्ज आरोग्य कार्यालयात दाखल झाला. आवक क्रमांक मिळाला. नव्या आलेखाची प्रत सोनालीचं नाव नोंदवलेल्या दवाखान्यात पोचली, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कार्डावर लाल पेनाने ‘पहिली प्रसूती अडलेली’ असं लिहिलं. तिची तपासणी त्याच दिवशी होती. ती आली नाही. सृष्टीचा मंगळवारचा व्यायामही चुकला.

तिसऱ्यांदा लावल्यावर बिरुदेवने फोन उचलला. “ती केमला गेली, तिच्या आईकडं. सकाळच्या रेल्वेनं. माझी आईबी संगं गेलीया, पोरगीबी नेली. आमच्या आईनं कधी सुनंच्या माहेरात पाऊल टाकलं नव्हतं, शिस्टर.” मग तो म्हणाला, “दवाखान्याचं नाव काडलं की दोगीबी उठून जात्यात. आदी एक तरी ऐकत व्हती.”

“तू तरी सांग तिला.”

“मी काय सांगू? मी दहा वाजता म्हनून सांगत व्हतो, तवा कुनी ऐकलं?”

बुधवारी राजेश्वरी वर्गात होती. तिला अजून कुणी थांबवलेलं नव्हतं. त्या दिवशी रबरी बाहुलीवर ठोके ऐकण्याचा सराव होता. एक पूर्ण मिनिट घड्याळाकडे बघत मोजायचे आणि लगेच लिहायचे. अर्जाचं वर्गात कळलं होतं. महानंदाने तिच्या शेजारची जागा सोडली नाही. पण दिवसभरात ‘गृहपाठ’ हा शब्दही काढला नाही. संध्याकाळी भाग्यलक्ष्मींनी केमच्या आशाताईंचा नंबर शोधून काढला आणि दोघींनी मिळून फोन केला. आशाताईंनी जाऊन बघते म्हणून सांगितलं.

गुरुवारी सायंकाळी सव्वापाच वाजता त्यांचा फोन आला. सोनाली घरी आहे. कळा नाहीत, पायांवर थोडी सूज आहे, रक्तदाब मोजू दिला नाही. दिलेल्या तारखेला सोळा दिवस बाकी आहेत. सोलापूरला परत जायचं की घरीच ठेवायचं, हे घरात अजून ठरलेलं नाही.